आधी तोल जातो, मग पाऊल पडतं

लांब दांड्याचा झाडू तळहातावर उभा तोलता येतो. पेन्सिल तोलून बघा, हात हलवायच्या आत पडते. दोन पायांचा रोबो म्हणजे असाच उलटा लंबक. त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल, तर कलायला लागल्यावर दर ०.३ सेकंदाला झुकाव साधारण पावणेतीनपट होतो. बुटका रोबो याहून लवकर कलंडतो.

होंडाचा १९८६ चा ई-झीरो एका पावलाला जवळपास ५ सेकंद घ्यायचा, कारण गुरुत्वमध्य टेकलेल्या पावलाबाहेर जाऊच द्यायचा नाही असा नियम होता. पुढे २००० साली आलेला होंडाचाच असिमो सहज चालू लागला तो ‘झीरो मोमेंट पॉइंट’च्या हिशेबाने. जमिनीचा दाब तळव्याखाली ज्या बिंदूत एकवटला असं मानता येतं, तो बिंदू तळव्याच्या आत ठेवायचा. कडेला गेला की पाऊल उलटतं. असिमो गुडघे वाकवून चालायचा, तेही उगाच नाही. पाय पूर्ण ताठ झाला की त्या क्षणी गुडघा वळवून शरीर वर-खाली करता येत नाही आणि नियंत्रणाच्या गणितात शून्याने भागायची वेळ येते. पण सतत अर्ध्या बैठकीत राहायचं तर गुडघ्याच्या मोटरा तापतात, बॅटरीही लवकर उतरते.

खरी प्रगती झाली ती तोल जाऊ द्यायला शिकल्यावर. कुणी ढकललं आणि गुरुत्वमध्याला सेकंदाला अर्धा मीटर वेग आला, तर या वेगाला वरच्या ०.३ ने गुणायचं: गुरुत्वमध्याच्या खालच्या जागेपासून १५ सेंटिमीटर पुढे पाऊल टाकलं की रोबो थांबतो. १० वर टाकलं तर आणखी एक पाऊल लागतं, २० वर टाकलं तर तो मागे झुकतो. बसने ब्रेक मारल्यावर आपण हेच करतो, फक्त गुणाकार न करता.

आता ही पावलं बहुधा संगणकातल्या आभासी जमिनीवर शिकवतात. एकाच रोबोच्या हजारो प्रती तिथे पडतात, उठतात. मुद्दाम घर्षण, वजन, मोटरचा उशीर बदलत ठेवतात. आभासी मोटर हुकूम मिळताच फिरते, खरी काही मिलिसेकंद मागे राहते. हा उशीर शिकवला नसेल तर खऱ्या रोबोचे पाय जागच्या जागी थरथरतात.

बीजिंगला १९ एप्रिल २०२५ रोजी २१ रोबो अर्धमॅरेथॉन धावायला उतरले, ६ पोचले. पहिल्या आलेल्या तिएनगोंग अल्ट्राला २ तास ४० मिनिटं लागली. वाटेत ३ वेळा बॅटरी बदलली, एकदा तो पडलाही.

बोस्टन डायनॅमिक्स कंपनीच्या ॲटलास या रोबोने २०१७ मध्ये मारलेली उलटी कोलांटी डोळ्यांत भरते, पण तिथली जमीन सपाट आणि ठाऊक असलेली. सरकणारं पायपुसणं त्याहून अवघड. आपल्या तळव्याला ते लगेच कळतं. अनेक रोबोंच्या तळव्यात दाब मोजणारा सेन्सरच नसतो, त्यामुळे पाय घसरल्याचं त्यांना अंग कलल्यावर समजतं.