पार्श्वभूमी : गाडीतल्या हवेचा कारभारी

जुन्या गाडीत स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरवर चालणारा एसी कंट्रोल बसवणारी हौशी मंडळी असतात. डॅशबोर्ड खोलून ठेवलेला, मागच्या सीटवर स्क्रूंची वाटी, मांडीवर लॅपटॉप आणि वायरींच्या गुंत्यात एक आर्डुइनो, म्हणजे घरच्या घरी प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. बघणाऱ्याला वाटतं, हा गाडी थंड करायचा उद्योग आहे. पण थंडी तयार करणं तर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच जमलं होतं. ती आवरायची कशी, याचा घोळ मात्र पुढे कितीतरी वर्षं चालला.

अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलपासून कारखान्यातच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. किंमत वरचे २७४ डॉलर. कूलिंग कॉईल मागच्या सीटच्या पाठीशी, त्यामुळे डिकीची बरीच जागा गेलेली. कंप्रेसरला इंजिनापासून सोडवणारा क्लच नव्हताच. इंजिन चालू असेपर्यंत तोही चालू. गारठा फार झाला तर ब्लोअर बंद करायचा. एसी पूर्ण बंद करायचा तर गाडी थांबवून बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा! ही थेरं फार वर्षं टिकली नाहीत, यात नवल नाही.

हीटरचं गाडं मात्र त्याआधीच मार्गी लागलं होतं. नॅश कंपनीने १९३८ मध्ये नवा हीटर आणला. बाहेरची ताजी हवा गाळून, गरम करून आत सोडायची अशी त्याची रचना होती, आणि पुढच्याच वर्षी थर्मोस्टॅट जोडून तो ‘वेदर आय’ झाला. १९५४ च्या नॅश अँबॅसॅडरमध्ये याच कंपनीने हीटर आणि एसी पुढच्या बाजूला एकत्र बांधले. आज कुठल्याही गाडीचा डॅशबोर्ड खोललात तर आत जो काळा प्लास्टिकचा डबा सापडतो, त्याचं मूळ अशा रचनांमध्ये आहे. हवा आधी थंड कॉईलवरून जाते, मग हीटरच्या कॉईलकडे. मध्ये एक झडप. ती जितकी कलेल तितकी हवा हीटरवरून जाते, उरलेली थंडच पुढे येते.

आधी गार करून मग गरम कशाला? पावसाळ्यात घाट उतरताना काचेवर वाफ धरली की आपण एसी लावतो, तेच उत्तर. थंड कॉईलवर हवेतलं पाणी निथळतं. कोरडी झालेली हवा मग हवी तितकी कोमट करून घेता येते. आपल्याकडे अँबॅसिडर-पद्मिनीच्या जमान्यात डॅशखाली डबा टांगून एसी लावून घेत, त्यात ही सोय नसायची. दोन बटणं, एक ब्लोअरचं, एक थर्मोस्टॅटचं, आणि गुडघे गारठलेले.

तर खरा प्रश्न त्या झडपेचा. ती कोण हलवणार? बरीच वर्षं ड्रायव्हरच लिव्हर सरकवत बसायचा. १९६४ च्या कॅडिलॅकमध्ये ‘कम्फर्ट कंट्रोल’ आला आणि ते काम यंत्राकडे गेलं. डॅशवरच्या छोट्या चाकावर तापमान लावायचं आणि विसरून जायचं. यातली युक्ती मला आजही फार देखणी वाटते. तीन थर्मिस्टर होते: एक बाहेरच्या हवेत, एक केबिनमध्ये, एक हवा येते त्या नळीत. थर्मिस्टर तापला की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, घटतो. हे तिन्ही आणि ते चाक एकाच माळेत जोडलेले. माळेत जोडल्यावर रोधांची आपोआप बेरीज होते, म्हणजे बाहेर किती, आत किती, नळीत किती आणि माणसाला हवं किती, याचं गणित ना चिप ना प्रोग्रॅम, नुसत्या तारेत होत होतं. त्या बेरजेवरून ॲम्प्लिफायर विजेचा दाब ठरवी, त्याचं रूपांतर इंजिनातून घेतलेल्या व्हॅक्यूममध्ये होई आणि व्हॅक्यूमवर झडप हले.

पुढच्या सगळ्याच यंत्रणा इतक्या सालस निघाल्या नाहीत. मर्सिडीजने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात क्रायस्लरची ‘ऑटो-टेम्प टू’ उचलली. तिच्या सर्व्होमध्ये, म्हणजे हे सगळं हलवणाऱ्या मोटरच्या जोडणीत, गरम कूलंटचा व्हॉल्व्ह, व्हॅक्यूमच्या वाटा आणि विजेचे स्विच, सगळं एकाच प्लास्टिकच्या खोक्यात कोंबलेलं. तापून-निवून प्लास्टिक वाकायचं, तडकायचं, पाणी झिरपायचं. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर भर उन्हाळ्यात हीटर चालू! लवकरच मर्सिडीजने ती बदलून बटणांची यंत्रणा आणली, पण आधी विकलेल्या गाड्या रस्त्यावर होत्याच. त्यांच्यासाठी आधी ॲल्युमिनियमचे सर्व्हो निघाले, आणि नंतर कोणीतरी त्या खोक्याचं काम मायक्रोकंट्रोलरकडे, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या चिपकडे, सोपवलं. आजची हौशी मंडळी याच वाटेवरची.

ऐंशीच्या दशकात मोठ्या गाड्यांत हे काम चिपकडे गेलं. डॅशवर उन्हाचा सेन्सर बसला, कारण केबिन २४ अंशांवर असली तरी हातावर पडणारं ऊन ती गरमी वेगळीच. केबिनचं तापमान घ्यायलाही डॅशवर एक बारीक जाळी आली. तिच्यामागे सेन्सर असतो, आणि त्याच्यावरून हवा ओढायला बऱ्याच गाड्यांत नखाएवढा पंखा. जाळी धुळीने बुजली की अख्खी यंत्रणा वेड्यासारखी वागते आणि मालक गॅस भरून आणतो.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो तयार झाला आणि अशी चिप घरच्या टेबलावर आली. त्याच्या ‘उनो’ बोर्डाला ॲनालॉगचे, म्हणजे कमी-जास्त होणारा विजेचा दाब मोजणारे, सहा पाय असतात. बाहेरचा, आतला आणि नळीतला थर्मिस्टर, उन्हाचा सेन्सर, तापमान लावायची कळ, आणि झडप नेमकी कुठे आहे ते सांगणारा पोटेन्शिओमीटर. झाले सहा. पहिली पाच कामं म्हणजे कॅडिलॅकची माळ अधिक ऊन.

घरचे कारागीर अडतात ते गणितात नव्हे, विजेत. स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब एवढा खाली येतो की बोर्ड रीसेट होतो आणि झडप भलत्याच जागी राहते. कंप्रेसरच्या क्लचची कॉईल बंद होताना उलटा झटका देते. तो झटका जिरवणारा डायोड लावला नसेल तर क्लच चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर गेलाच.

आणि कूलिंग कॉईल गोठते का हे बघायला सातवा पाय लागतो, तो उनोवर नाही. म्हणून जाणकार मंडळी कॉईलवरचा जुना थर्मोस्टॅट आणि गॅसचा दाब बघणारे स्विच काढतच नाहीत. क्लचच्या तारेत ते पूर्वीसारखेच राहतात. प्रोग्रॅमने ‘चालू’ म्हटलं तरी ते नाही म्हणाले, की कंप्रेसर बंद.