वायुगळतीत घरातच थांबायचं : ‘निवारा’ या शब्दाचा गुंता

नागपुरात १९५७मध्ये आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी केंद्राची संस्था सुरू झाली; १९६२च्या चीन युद्धानंतर ती नागरी संरक्षण शिकवू लागली. त्या काळची शिकवण हवाई हल्ल्याची होती. चढ-उताराचा भोंगा म्हणजे धोका, एकसुरी भोंगा म्हणजे धोका टळला. निवारा म्हणजे खंदक किंवा इमारतीचा तळ.

भोपाळनंतर ही शिकवण अपुरी ठरली. २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री हवेपेक्षा जड असलेला वायू जमिनीलगत पसरला आणि लोक त्यातूनच धावत सुटले. धावताना श्वास खोल जातो. घरात थांबायचं की पळायचं, वारा कुठल्या दिशेचा, हे वस्तीला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. घातक रसायनांबाबतच्या १९८९च्या नियमांनी कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची आणि शेजारच्या वस्तीला आगाऊ माहिती देण्याची सक्ती केली. रासायनिक अपघातांबाबतच्या १९९६च्या नियमांनी केंद्रापासून जिल्हा आणि स्थानिक पातळीपर्यंत आपत्ती गट नेमायला लावले.

खरा घोळ शब्दाचा आहे. पुराच्या बातम्यांनी ‘निवारा’ म्हटलं की शाळेतलं किंवा समाजमंदिरातलं केंद्र डोळ्यांपुढे उभं केलं. तिथे जायचं तर घर सोडावं लागतं. रासायनिक गळतीत मात्र बहुधा घरातच थांबायचं असतं. युद्धातल्या निवाऱ्यासाठी खाली उतरायचं, क्लोरीन पसरला तर वरच्या मजल्यावर जायचं, कारण तो हवेच्या सुमारे अडीचपट जड. सूचनापत्रकात नुसतं ‘सुरक्षित निवारा घ्या’ लिहिलं, तर नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगणा या कारखान्यांच्या भागातल्या वस्तीतल्या आजींनी यातला कोणता अर्थ घ्यायचा? ‘घरातच थांबा, वरच्या आतल्या खोलीत जा’ एवढं सरळ लिहायला हवं.

मे २०२०मध्ये विशाखापट्टणमला कारखान्यातून स्टायरिन हे विषारी रसायन गळलं तेही पहाटे, लोक झोपेत असताना. अशा गळतीसाठी एक खोली हवाबंद करायला प्लॅस्टिक, चिकटपट्टी, ओली फडकी, शिवाय रेडिओ आणि पाणी त्या खोलीत तयार ठेवण्याचा सल्ला दिला जातो. तो परदेशी घरं समोर ठेवून लिहिलेला; त्यात एसी बंद करा म्हणतात, कूलरचं नावही नाही. आपल्याकडे मार्चपासून खिडकीत बसवलेला कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो. तो आधी बंद करायचा, मग त्याच्या जाळीसकट सगळी खिडकी प्लॅस्टिकने झाकायची. त्या मापाचा तुकडा उन्हाळ्याआधीच कापून ठेवलेला बरा. माणशी १० चौरस फूट जागा असली तर बंद खोलीतली हवा पाच तासांपर्यंत पुरते, असं त्या सल्ल्यात आहे. हा हिशेब श्वासाचा आहे. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी, कूलर बंद असताना, लहान मूल किंवा म्हातारं माणूस त्या खोलीत किती वेळ तग धरेल, हे त्यात मोजलेलं नाही.