ओवसा भरला म्हणून देव मानला, असं नाही

गौरी-गणपती जवळ आले की कोकणातल्या संशोधन केंद्रांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'शास्त्रज्ञ झाल्या तरी बायका देवभोळ्याच.' पुरावा काय, तर मॅडमनी गौरीसाठी दोन दिवस रजा टाकली. सरांनी पाच दिवसांची टाकलेली असते. ती मात्र परंपरा!

श्रद्धा की अंधश्रद्धा हा वाद इथे नको, तो पुरेसा चघळून झालाय. घोळ आहे तो आचार आणि विश्वास यांचा.

आपल्याकडे आचार बाई-पुरुष बघून वाटलेला असतो. ओवसा म्हणजे गौरीपुढे भरलेली सुपं वाहणं, वटपौर्णिमा, नैवेद्याचे मोदक, हे बायकांकडे. देवाला गाऱ्हाणं घालणं, शिमग्यात पालखी नाचवणं पुरुषांकडे. दापोलीत आठवडाभर मातीचा सामू मोजणारा संशोधक गावी जाऊन पालखीला खांदा देतो, तेव्हा तो मानकरी. शेजारच्या टेबलावरची त्याची सहकारी चतुर्थीला डब्यात साबुदाण्याची खिचडी आणते, की लगेच भाविक. तिने उपवास मोडला तर सासरी कुजबुज होते, त्याने पालखी टाळली तर भावकी रुसते. दोघं देव मानतात की नाही, हे यातून काडीचंही कळत नाही. ते त्यांनाच विचारावं लागतं, आणि तेच कुणी विचारत नाही.

आकडेवारीतही हाच खेळ. प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या 2016 च्या जगभरातल्या अहवालात एकंदरीत बायका पुरुषांपेक्षा जास्त धार्मिक दिसतात. पण मुसलमानांत दर आठवड्याला प्रार्थनास्थळी जाणाऱ्यांत पुरुष पुढे, कारण जुम्म्याच्या नमाजाचं बंधन त्यांच्यावर आहे. म्हणजे मोजपट्टी बदलली की निकाल फिरला. हा अहवाल सर्वसामान्य लोकांचा आहे, शास्त्रज्ञांचा नव्हे. तरी तो बिनदिक्कत प्रयोगशाळेतल्या बायकांना चिकटवतात, याचा मला विशेष राग आहे.

खुद्द शास्त्रज्ञांना विचारलं ते मानसशास्त्रज्ञ जेम्स ल्यूबाने, 1914 मध्ये, अमेरिकेत. प्रश्न नेमका होता: प्रार्थनेला उत्तर देणारा देव तुम्ही मानता का? सुमारे 40 टक्के हो म्हणाले. हा विश्वासाचा प्रश्न. उलट अमेरिकेतल्याच राइस विद्यापीठाच्या सर्वेक्षणात भारतातले निम्म्याहून जास्त शास्त्रज्ञ स्वतःला धार्मिक म्हणवतात. ही झाली ओळख. तिच्यामागे विश्वास असेल, नुसता घरचा गणपतीही असेल.

मला ल्यूबाचा प्रश्न आवडतो, अरुंद असला तरी. विचारायचाच तर मॅडमना विचारा, आणि त्याच दमात सरांनाही.