दगडी कोठारांतल्या फटी म्हणजे जंग्या नव्हेत

इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या दगडी कोठारांच्या भिंतींत उभ्या, अरुंद फटी दिसतात. बाण मारायला ठेवलेल्या त्या जंग्या, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो चुकीचा आहे. त्या हवेसाठी आहेत.

कापणीनंतर न मळलेल्या पेंढ्या कोठारात पार छतापर्यंत रचत. त्यांत ओल राहिली की बुरशी धरते. ओलं गवत तर आतून तापून पेटतंही. म्हणून फट बाहेरून अरुंद आणि आत पसरट होत गेलेली: पाऊस कमी शिरतो, वारा आणि उजेड मात्र पसरतो. शिवाय रास लागल्यावर धनुर्धारी उभा राहणार कुठे?

बचावासाठी बांधलेली शेतघरं खरोखर होती, पण ती स्कॉटलंडच्या सीमेलगत, नॉर्थम्बरलँड आणि कम्ब्रियात: १६व्या-१७व्या शतकांतली ‘बॅसल’. खाली गुरं, वर माणसं, भिंती सुमारे १ मीटर जाड.

दुरुस्ती करताना या फटी बुजवू नका. ओल कोंडते आणि भिंतीत बसलेली तुळयांची टोकं कुजतात. दरजाही चुन्यानेच भरा. सिमेंटमधून पाणी सुटत नाही, ते मऊ दगडातून वाट काढतं आणि दगडाचे पापुद्रे निघू लागतात.