'फोर-के' या नावाचा घोळ

टीव्हीच्या दुकानात गिऱ्हाईक पडद्यापासून दोन-तीन हातांवर उभं राहून बघतं. घरी सोफा भिंतीला टेकलेला असतो. अल्ट्रा एचडीने, म्हणजे दुकानातल्या '४के'ने, चित्र खरंच सुधारतं का, हा वाद बराचसा याच अंतराचा आहे. त्याची सुरुवात मात्र नावापासून झाली.

एचडीपर्यंत टीव्हीचा हिशेब आडव्या रेषांचा. गच्चीवरच्या अँटेनाच्या जमान्यात ६२५ (त्यातल्या दिसणाऱ्या ५७६), मग ७२०, मग १०८०. सिनेमावाले उलटे, ते रुंदीतले पिक्सेल (चित्राचे ठिपके) मोजत. २००५च्या डिजिटल सिनेमाच्या निकषांत ४के म्हणजे रुंदीत ४०९६. टीव्हीचं नवं पॅनेल आलं ३८४० बाय २१६०चं. जुन्या मापाने ते '२१६०', म्हणजे १०८०च्या दुप्पट. पण दुकानात '४के' जास्त खपतं, कारण ऐकणाऱ्याला ते १०८०च्या चौपट वाटतं. एकूण पिक्सेल खरोखरच चौपट आहेत, सुमारे २१ लाखांचे ८३ लाख. तपशील मात्र उभा-आडवा दुप्पटच.

ऑक्टोबर २०१२मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगसंघटनेने 'अल्ट्रा एचडी' हे नाव ठरवलं. अटी अशा: किमान ८० लाख पिक्सेल, ३८४० बाय २१६०, १६:९ची चौकट आणि ४के सिग्नल घेणारा निदान एक डिजिटल इनपुट. रंग किती, उजेड किती, सेकंदाला फ्रेम किती, यावर चकार शब्द नाही. आणि हे सुचलं नव्हतं असंही नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय शिफारस आली होती, तिच्यात रंगांचा मोठा पट्टा, १० किंवा १२ बिट (म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटा) आणि १२० फ्रेमपर्यंतची सोय होती. समोर भरलेलं ताट असताना उद्योगाने त्यातला फक्त पापड उचलला, असं माझं मत. भुर्दंड पडला पहिल्या गिऱ्हाइकांना. तेव्हाच्या एचडीएमआय जोडणीतून (टीव्हीला चित्र पुरवणाऱ्या केबलमधून) ४केच्या जेमतेम ३० फ्रेम जायच्या. ६० फ्रेमची सोय सप्टेंबर २०१३मध्ये आली. नावाचंही पुढे काय झालं ते दिसतंच आहे. संघटनेने ठरवलेलं नाव खोक्यावर बारीक अक्षरात, '४के' ठळक.

डोळ्यांचं गणित त्याआधीपासून ठाऊक होतं. ६/६ नजर अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखते. ५५ इंची फुल एचडी पडद्यावरचा पिक्सेल साधारण ०.६३ मिलिमीटरचा, म्हणजे सव्वादोन मीटरच्या मागे तो सुटा दिसतच नाही. ४३ इंचीला हीच हद्द १.७ मीटर. काहींची नजर याहून तीक्ष्ण असते, तरी हॉलमध्ये आठ-नऊ फुटांवर बसून ४३ इंची ४के बघणाऱ्याचे जादा पिक्सेल बहुतेक वायाच जातात.

फरक पडला तो नंतर जोडलेल्या गोष्टींनी. जानेवारी २०१६मध्ये दुसऱ्या एका गटाने वरच्या दर्जाच्या सेटांसाठी शिक्का काढला: १० बिट, जास्त रंग, आणि १००० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं एकक) उजेड (किंवा ५४० निट्स, पण काळा रंग अगदी गडद). जुलैमध्ये एचडीआरची, म्हणजे गडद ते लख्ख असा उजेडाचा मोठा पल्ला दाखवण्याची, आंतरराष्ट्रीय शिफारस आली. हा फरक स्वयंपाकघराच्या दारातूनही कळतो. मग एचडीआरचं लेबल तीनशेएक निट्सवर दमणाऱ्या स्वस्त सेटांवरही लागलं आणि तो शब्दही ४केसारखाच पातळ झाला.

आपल्याकडे ४के सेट-टॉप बॉक्स २०१५मध्येच आले, पण एचडी वाहिन्यांचं प्रसारण १०८०चं, तेही इंटरलेस, म्हणजे एका वेळी एकाआड एक रेषा पाठवणारं. त्यामुळे मालिका असो की बातम्या, उरलेले पिक्सेल सेट स्वतःच अंदाजाने भरतो. खरं ४के येतं ते मुख्यतः ओटीटीवरून, तेही १५ एमबीपीएसच्या आसपासचं नेट असेल तर. कित्येक चित्रपटांची मूळ डिजिटल प्रतच २केची (रुंदीत ४केच्या निम्मे पिक्सेल) असते, ही आणखी वेगळी गंमत.

डिसेंबर २०१८मध्ये जपानात उपग्रहावरून ८के प्रसारण सुरू झालं. नाव पुन्हा रुंदीवरूनच.