कार्टून मालिका आणि मुलांचा आत्मविश्वास

आपण इतरांपेक्षा कमी आहोत, भित्रे आहोत, चारचौघांत विचित्र दिसतो, अशी लहानपणी मनात घर करून बसणारी भावना आणि तिच्याशी झुंजताना मुलांना हळूहळू गवसणारा आत्मविश्वास हा कार्टूनपटांचा व मालिकांचा एक मध्यवर्ती विषय आहे. चष्मा, मोठे कान, बारीक अंगकाठी, अंधाराची भीती, वर्गात उत्तर देताना फुटणारा घाम, खेळाचा संघ पाडताना सर्वांत शेवटी पुकारले जाणारे नाव, अशा मोठ्यांना किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर या कथा उभ्या राहतात. त्या मुलांसाठी किरकोळ नसतात, हे ओळखणाऱ्या मालिकाच टिकल्या आहेत.

ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या मते लहान आणि परावलंबी असल्यामुळे प्रत्येक मुलाला न्यूनभाव जाणवतोच. त्यावर मात करण्याच्या धडपडीतूनच त्याची वाढ होते. हा भाव इतका बळावला की मूल प्रयत्नच सोडून देते, तेव्हा त्याला न्यूनगंड म्हणायचे. रोजच्या मराठीत आपण दोन्हींना सरसकट न्यूनगंड म्हणतो, पण येथे हा भेद महत्त्वाचा आहे. कारण कार्टूनमधील बहुतेक नायक न्यूनभावाने ग्रासलेले असतात, हात टेकलेले नसतात. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या विकासाच्या टप्प्यांत साधारण ६ ते १२ या वयातला पेच ‘उद्यमशीलता विरुद्ध न्यूनता’ असा सांगितला आहे. सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास मुले स्वतःला इतरांच्या शेजारी उभे करून मापू लागतात. त्याआधी ‘मी खूप जोरात पळतो’ असे ठणकावून सांगणारे मूल आता ‘तो माझ्यापेक्षा जोरात पळतो’ असे म्हणू लागते.

हा आत्मविश्वास येतो कोठून, याचे सर्वांत उपयोगी विवेचन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केले. स्वतः काम तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते जमताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि शरीर-मनाची त्या क्षणीची अवस्था, असे चार स्रोत त्यांनी सांगितले आणि त्यांत पहिला सर्वांत बळकट ठरवला. पडद्यावरची गोष्ट प्रेक्षक मुलाला थेट पुरवू शकते तो मात्र दुसरा स्रोत. या माध्यमाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही येथेच आहेत.

१९४१ सालच्या ‘डम्बो’ या चित्रपटात हे चारही स्रोत जणू एका प्रसंगात एकत्र येतात. अवाढव्य कानांमुळे हेटाळणी सोसणाऱ्या हत्तीच्या पिल्लाला त्याचा मित्र टिमथी नावाचा उंदीर कावळ्याचे एक पीस देतो आणि ते जादूचे असल्याचे सांगतो. सोंडेत पीस धरून डम्बो उडतो. पुढे सर्कशीच्या खेळात उंचावरून उडी घेतल्यावर पीस सोंडेतून निसटते. जमीन झपाट्याने जवळ येत असताना उंदीर ओरडून कबुली देतो की पिसात काहीच जादू नव्हती, आणि शेवटच्या क्षणी डम्बोचे कान पसरतात. दुसऱ्याने दिलेला धीर कोठवर पुरतो आणि स्वतःचा अनुभव कोठे सुरू होतो, ती रेषा इतक्या स्पष्टपणे क्वचितच रेखाटली गेली असेल. तरीही या कथेत एक खोट आहे. ज्या कानांची टर उडवली गेली, त्याच कानांनी डम्बो प्रसिद्ध होतो, म्हणून जग त्याला स्वीकारते. ज्या मुलाचे वेगळेपण कोणाच्याही कामाला येत नाही, त्याला ही गोष्ट फारसे काही देत नाही.

‘आर्थर’ या अमेरिकी मालिकेने याहून साधी वाट धरली. मार्क ब्राऊन यांच्या पुस्तकांवर आधारलेली ही मालिका १९९६ ते २०२२ अशी पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालली आणि तिच्या पहिल्याच भागाचा विषय चष्मा हा होता. तिसरीत शिकणाऱ्या आर्थरला चष्मा लागतो, मित्र चिडवतात, तो चष्मा टाळू लागतो आणि न दिसल्यामुळे नको त्या घोळात सापडतो. चष्म्याला कसलीही अद्भुत शक्ती लाभत नाही. तो घातला की दिसते, एवढेच. १९७९ सालच्या मूळ पुस्तकाच्या शेवटी त्याला चिडवणारी फ्रान्सिनच चष्मा घालून वर्गात येते, आणि त्या चष्म्याला काचा नसतात. मुलांच्या जगात लाजेची वस्तू रातोरात मिरवायची वस्तू कशी होते, हे त्या बिनकाचेच्या चौकटीत नेमके टिपले आहे.

या विषयाचा सर्वांत खोल विचार मात्र जपानी ‘डोरेमॉन’मध्ये आढळतो. फुजिको एफ. फुजिओ यांची ही चित्रकथा १९६९ च्या अखेरीस सुरू झाली आणि १९७९ पासूनच्या टीव्ही मालिकेने ती जगभर पोहोचवली. तिच्यातला मुलगा नोबिता अभ्यासात मागे, खेळात ढ आणि स्वभावाने रडका आहे. भविष्यातून आलेला डोरेमॉन हा निळा यंत्रमांजर त्याला पोटाच्या खिशातून हवे ते साधन काढून देतो. अशाने मुले आयत्या उपायांची वाट पाहायला शिकतील, ही पालकांची तक्रार वरवर रास्त वाटते; परंतु साधनाचा अतिरेक होऊन नोबिता स्वतःच फजित होतो, हाच बहुतेक कथांचा सांगाडा आहे, हे ती तक्रार विसरते. १९७४ सालच्या एका कथेत डोरेमॉनला भविष्यकाळात परतणे भाग पडते. निरोपाच्या रात्री नोबिता दांडगट जियानच्या तावडीत सापडतो आणि त्या रात्री तो डोरेमॉनला हाक मारत नाही. मार खाऊन पडतो, उठून पुन्हा जियानला धरतो, पुन्हा पडतो, पुन्हा धरतो; अखेरीस कंटाळलेला जियानच हार मानून निघून जातो. सुजलेल्या तोंडाने नोबिता डोरेमॉनला सांगतो की मी एकट्याने जिंकलो, आता तू निश्चिंत मनाने जा. २०१४ सालच्या चित्रपटातही हा प्रसंग घेतलेला आहे. येथे नोबिता बलवान होत नाही, हुशारही होत नाही. तो पूर्वीइतकाच दुबळा राहून उभा राहतो, म्हणूनच हा प्रसंग डम्बोच्या उड्डाणापेक्षा खरा वाटतो.

माध्यमाच्या घडणीचाही या परिणामात वाटा आहे. ‘ब्लूज क्लूज’ या १९९६ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत सूत्रधार प्रश्न विचारून थांबतो आणि सुरुवातीला तिचा एकच भाग सलग पाच दिवस दाखवला जात असे. पाचव्या दिवसापर्यंत उत्तर पाठ झालेले मूल पडद्याकडे पाहून ते मोठ्याने सांगते. म्हणजे त्याला बघण्याबरोबर प्रत्यक्ष जमल्याचाही थोडा अनुभव मिळतो. प्राण्यांची पात्रे मुलांना आवडतात आणि दुखऱ्या विषयाला सुरक्षित अंतरही देतात, पण त्या अंतराची किंमत मोजावी लागते. मारी-लुईझ मारेस आणि एमिली अकोस्टा यांच्या २००८ सालच्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना तीन पायांच्या कुत्र्याची एक कार्टून गोष्ट दाखवली असता, तिचे तात्पर्य बहुतेकांनी कुत्र्यांपुरतेच घेतले. आपल्यासारखी न दिसणारी माणसे त्यांच्या डोळ्यांपुढे आली नाहीत.

‘डॅनियल टायगर’ या २०१२ पासूनच्या मालिकेविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही पडद्याची मर्यादा दिसली. २ ते ६ वर्षांच्या १२७ मुलांपैकी ज्यांनी ही मालिका पाहिली, त्यांच्यात सहानुभूती आणि स्वक्षमतेवरचा विश्वास वाढलेला दिसला; परंतु हा लाभ मुख्यतः अशा घरांतील मुलांना झाला, जेथे टीव्हीवर पाहिलेल्या गोष्टींविषयी आईवडील मुलांशी एरवीही बोलत असत. २०१७ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात ४ आणि ६ वर्षांच्या १८० मुलांना दहा मिनिटांचे कंटाळवाणे काम दिले होते आणि हवे तेव्हा उठून खेळायची मुभा होती. काहींना बॅटमॅन, डोरा किंवा बॉब द बिल्डर यांसारख्या आवडत्या पात्राचा पोशाख घालून, ‘बॅटमॅन मेहनत करतोय का?’ असे स्वतःला मधूनमधून विचारायला सांगितले होते. सर्वांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली ती हीच मुले.