सोनखतापासून कलमाच्या पिशवीपर्यंत

रोपवाटिकेत सांडपाण्याच्या गाळाचं कंपोस्ट वापरू म्हटलं की कोकणात आधी नाक मुरडलं जातं, मग ‘परदेशी खूळ’ म्हणून विषय संपतो. नाक मुरडणं समजू शकतं, पण खूळ परदेशी नाही.

कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचं काम आपल्याला मिळावं म्हणून अन्न कमी केलं. तुरुंगात ते काम जातीवरून वाटलं जाई, त्यांचा विरोध त्याला होता. त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनी येरवड्यात उपवास आरंभला. पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा राहिला. तिथे मैल्यावर माती-पाला टाकून सोनखत करणारे संडास घडले. अप्पांच्या लेखी खत आणि जातिनिर्मूलन हे एकच काम होतं. आजच्या प्रकल्प अहवालांत यातलं फक्त खत उरतं.

तोवर पालापाचोळा आणि शेण थरांत रचून कुजवणारी अल्बर्ट हॉवर्ड यांची इंदूर पद्धत (१९३१) आणि शहरी कचऱ्यात मैला मिसळून चरात कुजवणारी सी. एन. आचार्य यांची बंगलोर पद्धत आली होती. गाळ मात्र निराळी चीज. १९१४ साली मँचेस्टरमध्ये सांडपाण्यात हवा सोडून ते शुद्ध करण्याची रीत सापडली आणि तळाला साचणाऱ्या गाळाचं करायचं काय, हा प्रश्न शहरांपुढे आला. मिलवॉकीने १९२६ पासून तो वाळवून खत म्हणून विकला. सत्तरच्या दशकात अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला लाकडाचा चुरा मिसळून, ढिगातून हवा खेळवून गाळ कुजवण्याची पद्धत बसली. ढीग ५५ अंशांवर काही दिवस टिकला की रोगजंतू मरतात, जंताची अंडीसुद्धा.

जड धातू मात्र उष्णतेने जात नाहीत. सोनखतात घरचा मैला होता. गटारात कारखान्याचं, गॅरेजचंही पाणी येतं. त्यात कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिच्यात जस्त-कॅडमियम रोपाला जास्त सहज मिळतात. शहरी कंपोस्टला खत नियंत्रण आदेशाने किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. गाळही निदान त्याच कसोटीला लावावा. भाजीच्या वाफ्यापेक्षा साग, खैर, काजूच्या रोपांना तो आधी द्यावा हेही त्याचमुळे, आणि पिशवीतल्या मिश्रणाचा एखादा हिस्साच.

१९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तेव्हापासून कोकणात कलमांच्या पिशव्यांना मागणी आणि शेणखताला टंचाई. गाळ भिजका आणि नत्राने भारी, त्याला कोरडा कर्ब लागतो. भाताचं तूस, काथ्याचा भुसा, बागेतला पाला इथे आहेच. अडतो तो पाऊस. उघडा ढीग आषाढात धुऊन जातो, म्हणून काम दिवाळीनंतर सुरू करून मे अखेर आटोपावं. आंब्याच्या कोयकलमांच्या (कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधलेल्या कलमांच्या) पिशव्या भरायला तेव्हाच माती लागते.